आईचं लेकाला, बापाचं लेकीला

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गावात सायकलवरून एक पिल्लंवाला यायचा. गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. सायकलच्या कॅरियरला दोन्ही अंगांनी जाळीची डालगी बांधलेली असायची आणि आत चिवचिवाट करणारी पिल्लं: गुलाबी, पोपटी, निळी, केशरी. आत्तीच्या मागं लागून मी एकदा पाच पिल्लं घेतली, पाच रंगांची. महिनाभरात रंग उडाला आणि खालून पांढरी पिसं आली. दिवाळीपर्यंत पाचांच्याही डोक्यावर तुरे उभे राहिले आणि एके पहाटे पाचही जण आरवायला लागले. आत्ती चुलीपुढनं म्हणाली, "एकबी तलंग न्हाई व्हय रं? रंगाला भुललास."

त्या रंगाचं गणित मला पुढं वीसेक वर्षांनी कळलं. अंड्यांच्या धंद्यासाठी जी हॅचरी पिल्लं काढते, तिला फक्त माद्या हव्या असतात. त्या जातीचा नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा मांसही धरत नाही. एकविसाव्या दिवशी अंडी फुटली की निम्मी पिल्लं बिनकामाची ठरतात. युरोपात ती पहिल्याच दिवशी मारून टाकत. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे अशी काही नर पिल्लं कवडीमोलाने विकली जातात, रंगात बुडतात आणि सायकलवरून गावोगाव फिरतात. म्हणजे तो गुलाबी रंग पिल्लाचं लिंगच सांगत होता. ज्याला रंग लावला तो नर. मला वाचता येत नव्हतं एवढंच.

या प्रकरणाचा विषय तोच आहे. फक्त इथला रंग डबीतला नसून आईबापांकडून आलेला आहे.

आत्तीची स्वतःची एक पद्धत होती. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना ती एकेक अंडं हातात फिरवून बघायची. लांबट, टोकदार अंडं कोंबड्याचं, गोलसर अंडं तलंगेचं. गोल तेवढी ठेवायची, टोकदार पोरांना पोळीबरोबर. हा समज सातारा-सांगलीपुरता नाही. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथात लांबट अंडं मादीचं आणि गोल अंडं नराचं असं लिहिलेलं सापडतं; पुढं रोमन शेतीतज्ज्ञ कोल्युमेलाने बरोबर उलट सांगितलं. दोन हजार वर्षांच्या या भांडणात आमची आत्ती कोल्युमेलाच्या बाजूची. अंड्याचा आकार ठरतो कोंबडीच्या अंडनलिकेच्या ठेवणीवरून. एक कोंबडी जन्मभर साधारण एकाच घाटाची अंडी घालते आणि त्यांतून नर-माद्या दोन्ही निघतात. गोल अंडी निवडणारी बाई नकळत एका विशिष्ट कोंबडीची अंडी निवडत असते, पिल्लांचं लिंग नव्हे.

मग ठरवतं कोण? इथं आपली सवय आडवी येते. माणसात, गाईत, म्हशीत मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं. आईकडून नेहमी एक्स येतो. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणून तर आता गाईला लिंगनिश्चित रेतन करता येतं. एक्सवाले शुक्राणू किंचित जड, त्यात डीएनए जास्त, त्यामुळं यंत्राने ते वेगळे काढता येतात. भिलवडी-पलूसकडच्या दूधवाल्या पट्ट्यात कुणाही गोठेवाल्याला विचारा, तो तुम्हाला 'फक्त कालवडीचं' रेतन समजावून सांगेल. पण त्यालाच विचारा, कोंबड्यात असं का करत नाहीत? कारण कोंबड्याकडं वेगळं काढण्यासारखं काही नसतंच. पक्ष्यांत व्यवस्था उलटी आहे. कोंबड्याकडं लिंगाची दोन्ही गुणसूत्रं सारखी, झेड आणि झेड. कोंबडीकडं एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबड्याचा प्रत्येक शुक्राणू झेडच घेऊन येतो. पिल्लू नर की मादी हे कोंबडीच्या अंड्यात झेड गेला की डब्ल्यू, यावर ठरतं.

आता या व्यवस्थेत वाटणी कशी होते ते बघा. तलंगेला डब्ल्यू आईकडून मिळतो, त्यामुळं तिचा एकुलता एक झेड बापाचाच असतो. नराला दोन झेड मिळतात, एक बापाचा आणि एक आईचा. झेडवर जे काही लिहिलेलं आहे त्यातलं आईचं फक्त लेकाकडं जातं, आणि लेकीकडं फक्त बापाचं येतं. डब्ल्यू गुणसूत्र लहान आहे आणि त्यावर पिसांच्या रंगाबद्दल कामाचं काही नाही. कोंबडीच्या एकोणचाळीस गुणसूत्र-जोड्यांपैकी बाकी अडतीस जोड्या लेक-लेकी असा भेद करत नाहीत. ही आडवी वाटणी केवळ झेडवरच्या मालमत्तेची.

म्हणून झेडवर रंगाचं एखादं जनुक असलं तर पिल्लाच्या अंगावर त्याचं लिंग छापून येऊ शकतं. येऊ शकतं, येतंच असं नाही. त्यासाठी जोडी नीट लावावी लागते, आणि ती लावताना गावातली बहुतेक माणसं चुकीच्या पक्ष्याकडं बघतात. "कोंबडा कुठला?" हा पहिला प्रश्न. बीज चांगलं पाहिजे, हा आपला जुना हिशेब. रंगावरून लिंग ओळखायचं असेल तर आधी कोंबडी बघायला हवी.

झेडवरच्या रंगांपैकी पहिला नीट उलगडला तो पट्ट्यांचा. अमेरिकेत प्लायमाउथ रॉक नावाची जात आहे. तिच्या प्रत्येक पिसावर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा असतात, जणू पातळाचा काठ. गव्हाच्या जातींवर काम करणाऱ्या स्पिलमन या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये दाखवलं की हा पट्टा लिंगाशी बांधलेला आहे. पट्टेदार कोंबडीवर साधा काळा किंवा तांबडा कोंबडा सोडला, तर नर पिल्लं पट्टेदार होतात आणि माद्या बिनपट्ट्याच्या काळ्या. पट्टा अंड्यातून बाहेर पडताना दिसत नाही, पण त्याची खूण दिसते: काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढुरका ठिपका. ठिपका असलेला नर, नसलेली मादी. पहिल्याच दिवशी, डालग्यातूनच.

दुसरा रंग सोनेरी-रुपेरीचा. इथं 'रुपेरी' म्हणजे ज्यात तांबूस-पिवळा रंग मारला जातो आणि काळा तसाच राहतो असा पक्षी. लाइट ससेक्स ही जात डोळ्यांपुढं आणा: अंग पांढरं, मानेवर काळ्या रेघा. त्या पक्ष्यातला तांबडा तेवढा पुसला गेला आहे. २००७ मध्ये या जनुकाचा नेमका पत्ता लागला. गंमत अशी की सहा वर्षांनी भारतातल्या पांढऱ्या वाघाचं कोडं सुटलं तेव्हा तिथंही हेच जनुक निघालं. पांढऱ्या वाघाचे काळे पट्टे शाबूत राहतात आणि केशरी नाहीसा होतो. रुपेरी कोंबडीचंही तेच. वाघात मात्र ते साध्या गुणसूत्रावर आहे, म्हणून पांढरा वाघ नर की मादी हे रंगावरून कळत नाही.

तांबड्या ऱ्होड आयलंड रेड कोंबड्याखाली रुपेरी कोंबड्या ठेवल्या की माद्या बापासारख्या तांबूस निघतात आणि नर आईसारखे फिकट पिवळे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई पडली तेव्हा केंब्रिजच्या पनेट यांनी सरकारला हेच सुचवलं: पिल्लं रंगावरून पहिल्याच दिवशी ओळखा, नरांना खायला घालून दाणा वाया घालवू नका. शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जी चौकटी-चौकटीची पनेटची आकृती असते, ते हेच पनेट. १९२९ मध्ये त्यांनी आणि पीझ यांनी 'कँबार' ही जात जाहीर केली. तिच्यात दरवेळी दोन जातींचा संकर करावा लागत नव्हता, जातीतल्या जातीत नर-मादी पिल्लं वेगळी दिसायची. युक्ती साधी होती: पट्ट्याचं जनुक नराकडं दोनदा असतं आणि मादीकडं एकदाच, म्हणून नर पिल्लू जास्त फिकट.

आज बाजारात जी तपकिरी अंडी देणारी तांबडी कोंबडी मिळते ती बहुतेक याच सोनेरी-रुपेरी युक्तीची असते. हॅचरीत तांबडी पिल्लं एका बाजूला, फिकट पिल्लं दुसऱ्या बाजूला.

हा नियम नीट बघितला तर सगळीकडं एकच साचा आहे. झेडवरच्या दोन गुणांपैकी एक दाबणारा असतो, एक दबणारा. पट्टा दाबतो, बिनपट्टा दबतो. रुपेरी दाबतो, सोनेरी दबतो. पिल्लं ओळखू यायची तर कोंबडा दबणाऱ्या गुणाचा हवा आणि कोंबडी दाबणाऱ्या. उलट जोडी लावली, म्हणजे रुपेरी कोंबडा आणि तांबडी कोंबडी, तर बापाचा रुपेरी झेड लेकाकडंही जातो, लेकीकडंही जातो, आणि सगळी पिल्लं फिकट निघतात. तेच दोन पक्षी, तेच दोन रंग, आणि हाती काही लागत नाही.

या साच्यात एक सोय दडलेली आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयात सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. दबणारा गुण कोंबड्याच्या अंगावर दिसतोय, याचा अर्थ त्याच्या दोन्ही झेडवर तोच आहे. नाहीतर तो दाबला गेला असता. आणि कोंबडीकडं झेड एकच, त्यामुळं तिच्याकडं लपवायला दुसरी जागाच नाही. जे दिसतं ते आहे. रुपेरी कोंबडा आत सोनेरी लपवून फिरू शकतो, कोंबडीला तसं करता येत नाही. म्हणून ही एकच जोडी अशी आहे की दोघांची वंशावळ ठाऊक नसली तरी नुसत्या दिसण्यावरून पैज लावता येते.

पैज लावण्याआधी दोन अडचणी मात्र बघाव्या लागतात. पहिली, पांढरा पक्षी. व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा हा सगळ्यांवर घातलेल्या चादरीसारखा असतो. खाली पट्टा असेल, रुपेरी असेल, काहीही असेल, दिसत नाही. लेगहॉर्नचा कोंबडा गावात सुटला की पांढरी पिल्लं निघतात, मोठेपणी त्यांच्यावर इकडं-तिकडं काळे शिंतोडे उडालेले, आणि नर कोण मादी कोण हे तुरा येईतो कळत नाही. अंगभर काळ्या पक्ष्यातही सोनेरी-रुपेरी झाकून जातो. कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या सरकारी ठिकाणांतून आपल्या भागात ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प, गिरीराज, वनराज असे पक्षी गावोगाव गेले. त्यांतला ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प देखणा, पण तांबडा कोंबडा आणि ऑस्ट्रालॉर्प कोंबडी ही जोडी लावून कुणी पिल्लं ओळखायला बसलं तर सगळी काळीच दिसतील. ऑस्ट्रालॉर्पचा कोंबडा पट्टेदार कोंबडीवर मात्र उत्तम चालतो.

दुसरी अडचण काबऱ्या कोंबडीची. गावात काबरी म्हटलं की त्यात सगळं येतं: ठिपक्यांची, शिंतोड्यांची, राखी, चितकबरी. पट्ट्याची कोंबडी त्यातली एखादीच. ओळखायची सोपी रीत म्हणजे पंखातलं एक पीस उजेडात धरायचं. काळी-पांढरी रेघ आळीपाळीने पिसाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी जात असेल, एकाखाली एक, तर हवी ती कोंबडी मिळाली. पांढरा नुसता टोकाला असेल तर तो ठिपका, आणि ठिपक्याचं जनुक झेडवर नाही. गावरान कोंबडीच्या, पाठीवर खारीसारखे पट्टे असलेल्या पिल्लांत सोनेरी-रुपेरी ओळखणंही कष्टाचं. एक तपकिरीकडं झुकतं, एक करड्याकडं, आणि सायंकाळच्या उजेडात दोन्ही सारखीच.

आता कडकनाथ. सांगलीत या पक्ष्याचं नाव काढलं की माणसं आधी हसतात, मग गप्प होतात. २०१९ साली इस्लामपुरातून (आताचं ईश्वरपूर) फुटलेलं कडकनाथ प्रकरण अजून कुणी विसरलेलं नाही. पैसे भरा, पक्षी घ्या, अंडी आम्हीच परत घेऊ, अशी योजना होती. ती बुडाली तेव्हा सातारा-सांगली-कोल्हापुरातलेच नव्हे तर बाहेरचेही कितीतरी शेतकरी बुडाले. त्या व्यवहाराची चर्चा वर्तमानपत्रांनी भरपूर केली. त्यात पक्ष्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. बिचारा मूळचा झाबुआचा, भिल्ल-भिलाल्यांच्या अंगणातला. २०१८ मध्ये मध्य प्रदेशला त्याच्या मांसासाठी भौगोलिक मानांकनही मिळालं. योजना बुडाल्यावर आमच्याकडं पाहुण्यारावळ्यांच्या शेडमधले कडकनाथ कुणी कापले, कुणी विकले, कुणी दारात सोडून दिले. सोडलेल्यांनी आपला मार्ग शोधला. दोन वर्षांत गावरान कोंबड्यांच्या मागं काळ्याकुट्ट चोचीची पिल्लं पळताना दिसू लागली.

कडकनाथच्या काळेपणाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर सगळा गोंधळ होतो. पिसांचा काळा एक. कातडी, मांस, हाड, तुरा यांचा काळा दुसरा. हा दुसरा काळा गुणसूत्राच्या एका तुकड्याची नक्कल होऊन आलेला आहे. चीनकडची रेशमी पिसांची सिल्की, इंडोनेशियाची सेमानी आणि आपला कडकनाथ, तिघांतही तीच उलथापालथ. ती झेडवर नाही आणि ती दाबणारी आहे. एका पालकाकडून आली तरी पुरते. मग कुठलाही कडकनाथ संकर काळाच निघायला हवा. तसं होत नाही, कारण झेडवर एक पहारेकरी बसलेला असतो. कातडीच्या खालच्या थरात काळा रंग साठू द्यायचा नाही, हे त्याचं काम. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत तो असतो. कडकनाथात तो नाही, म्हणून कडकनाथ आतपर्यंत काळा.

पहारेकरी दाबणारा, त्याची गैरहजेरी दबणारी. वरचा साचा आठवा. कडकनाथ कोंबडा (पहारेकरी नसलेला) आणि पिवळ्या पायांची गावरान कोंबडी (पहारेकरी असलेली): लेकाला आईकडून पहारेकरी मिळतो, तो उजळ कातडीचा होतो, फारतर कुठं कुठं काळसर छटा. लेकीला बापाचा झेड मिळतो, त्यावर पहारेकरी नाही, ती कडकनाथासारखी काळी. उलट जोडी लावा, तांबडा पिवळ्या पायांचा कोंबडा आणि कडकनाथ कोंबडी: बापाचा पहारेकरी सगळ्यांना मिळतो आणि लेक-लेकी दोन्ही उजळ निघतात. मग शेतकरी म्हणतो, हॅचरीवाल्याने फसवलं, कोंबडी शुद्ध नव्हती. कोंबडी शुद्ध असेलही. जोडी उलटी होती.

हे झाबुआत किंवा वाळव्यात कुणी शोधलं असं नाही. बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्ये केंब्रिजमधून सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न यांच्या संकराचा असाच निकाल छापला होता. सिल्की कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी या जोडीत माद्या आतून काळ्या, नर उजळ. उलट जोडीत सगळीच उजळ. त्या प्रयोगाला शंभर वर्षं उलटल्यावर सांगलीकडच्या उकिरड्यांवर तो पुन्हा होत होता, बिनखर्चात, आणि नोंद ठेवणारं कुणी नव्हतं.

यात गिऱ्हाइकाने सावध राहावं अशी एक जागा आहे. पहिल्या पिढीतली ती काळी तलंग रक्ताने निम्मी गावरान असते, पण चोच काळी, नडगी काळी, जीभ काळी. बाजारात तिला कडकनाथ म्हणून विकलं तर नुसतं बघून कुणाला हरकत घेता येणार नाही. तिचा सख्खा भाऊ मात्र उजळ, त्याला कुणी कडकनाथ म्हणणार नाही. दोघांत कडकनाथाचं रक्त सारखंच, किंमत एकीलाच. काळी मादी दाखवून कुणी शुद्ध जातीचा भाव सांगत असेल तर तिच्याबरोबर एकाच रवणातले नरही बघायला मागावेत. नर उजळ असले तर खेळ कळला.

आणि एक पथ्य. जोडी लावण्याआधी कोंबडीची नडगी बघायची. अंगाने काळी नसलेल्या गावरान कोंबडीचे पाय पिवळे किंवा पांढरे असतील तर पहारेकरी हजर आहे. पाय निळसर, पाटीच्या रंगाचे किंवा हिरवट असतील तर तो नाही, आणि मग कडकनाथ कोंबड्यापासून लेक-लेकी दोन्ही काळी निघतील. छान दिसतील, पण ओळखू येणार नाहीत. आमच्याकडं दोन्ही तऱ्हेच्या नडग्या सर्रास आहेत.

नडगीवरून आठवलं. कातडीला पिवळा रंग येऊ देणारं जनुक आणखी वेगळं, तेही झेडवर नाही. कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा, असं डार्विनपासून सगळे सांगत आले. २००८ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की पाळीव कोंबडीचा पिवळा पाय तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही, तो राखी रानकोंबड्याकडून आला. हा राखी रानकोंबडा आपला शेजारी. कोयनेच्या आणि चांदोलीच्या जंगलात, म्हणजे सातारा-सांगलीच्या पश्चिम टोकाला, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गर्द झाडीत पहाटे जो तुटक आरवतो तो हाच. जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या, अमेरिकेतल्या लेगहॉर्नसुद्धा, दख्खनकडच्या या रानपक्ष्याचं थोडं देणं अंगावर वागवत फिरतात. हे दोन जिल्हे तसे १९४९ पर्यंत एकच होते. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. रानकोंबड्याला अर्थात त्या सीमेची अजून वर्दी नाही.

बाकीच्या खुणांवर वेळ घालवू नये. उघड्या मानेची कोंबडी घ्या: तिचा गुण दाबणारा आहे, शुद्ध उघड्या मानेच्या कोंबड्याची सगळी पिल्लं मानेने उघडी निघतात, एका पालकाकडून आला तर गळ्यापुढं पिसांचा एक झुपका राहतो. नर-मादी मात्र त्यावरून कळत नाही. उलट्या पखाची कोंबडी, जिला नवस आणि उतारे करणारे शोधत फिरतात, तिचंही तसंच. असीलचा बुटका तिहेरी तुरा पिल्लांत हमखास उतरतो, दोन्ही लिंगांत.

हॅचऱ्यांनी रंगाखेरीज आणखी दोन वाटा शोधल्या. एक पिसांच्या वेगाची. पिसं हळू फुटण्याचं एक जनुक झेडवर आहे आणि ते दाबणारं आहे. साचा तोच, भरभर पिसं फुटणारा कोंबडा आणि हळू फुटणारी कोंबडी. पहिल्या दिवशी पिल्लाचा पंख पंख्यासारखा उलगडायचा. मादीच्या पंखात लांब पिसं आणि त्यांच्यावरची झाकणपिसं यांत उंचीचा फरक दिसतो, नरात दोन्ही सारखी. दोन-तीन दिवस उलटले की हा फरक पुसट होतो. दुसरी वाट जपानी. १९२०च्या दशकात तिथल्या मासुई, हाशिमोतो वगैरे पशुवैद्यांनी पिल्लाच्या गुदद्वाराच्या आत असलेल्या मोहरीएवढ्याहून बारीक उंचवट्यावरून नर ओळखण्याची कला बसवली. त्यात जनुकांचा काही हिशेब नाही, जात कुठलीही चालते; पण तयार व्हायला हजारो पिल्लं हाताखालून जावी लागतात. अननुभवी माणसाने हा प्रयोग करू नये, पिल्लू मरतं.

आता पुढच्या पिढीचं. रंगावरून ओळखता येणाऱ्या संकराची पिल्लं आणून त्यांचीच अंडी बसवणारे पुष्कळ भेटतात, आणि दुसऱ्या खेपेला त्यांचा हिरमोड होतो. तासगावात द्राक्षाची काडी लावली की तेच द्राक्ष येतं. थॉम्पसनच्या एका वेगळ्या निघालेल्या वेलापासून 'तास-ए-गणेश' झाली आणि काड्याकाड्यांनी पसरली, चव बदलली नाही. अंडं म्हणजे काडी नव्हे. तांबड्या लेकीवर तिचाच फिकट भाऊ सोडला तर त्या भावाच्या एका झेडवर रुपेरी आहे, दुसऱ्यावर सोनेरी. तो दोन्ही वाटतो. नर पिल्लांत निम्मी फिकट, निम्मी तांबडी. माद्यांत निम्मी फिकट, निम्मी तांबडी. छापा-काटा. कडकनाथाच्या काळ्या तलंगेवर तिचा उजळ भाऊ सोडला तर आणखी घोळ, कारण तिथं दोन गुणसूत्रांवरची दोन जनुकं एकदम फिसकटतात. साच्यातली जोडी दरवेळी मुळापासून लावावी लागते, बापाची जात वेगळी राखून, आईची जात वेगळी राखून. हॅचरीचा धंदा त्यावरच चालतो.

तीन वर्षांपूर्वी हे सगळं मी आत्तीला समजावून सांगितलं. आता ती ऐंशीच्या पुढं. तिच्याकडं एक कडकनाथ कोंबडा आला होता, भाच्याच्या बुडालेल्या शेडमधला शेवटचा वंशज, आणि एक पिवळ्या पायांची तांबूस कोंबडी होतीच. जोडी अगदी साच्यातली. आधीचा तांबडा कोंबडा पाहुणे आले म्हणून कापला होता. नव्या कोंबड्याला आठवडा झाला तसं तिने अंडी साठवायला सुरुवात केली. अकरा अंडी बसवली, नऊ फुटली. मी मुद्दाम गावी गेलो, एकेक पिल्लू हातात घेऊन नडगी आणि चोच बघितली. पाच उजळ, चार काळी. आत्तीला म्हटलं, "काळ्या चारही तलंगा. उजळ पाच कोंबडे. लिहून ठेव."

लिहिलं नाही तिने. उजळ पाचांच्या पायाला तांबडा दोरा बांधला.

सहा-सात महिन्यांनी फोन आला. "आरं, तुज्या पुस्तकातला एक कोंबडा आंडी घालाय लागला बग."

दोरा बांधलेल्या पाचांपैकी चार आरवत होते. पाचवी खुराड्याच्या कोपऱ्यात रोज अंडं देत होती. मी दिवसभर डोकं खाजवलं आणि रात्री उलगडा झाला. उजळ लेकीचा बाप पहारेकरीवालाच असला पाहिजे, म्हणजे कडकनाथ नव्हे. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात, तिथं ती नराचं बीज दोन-दोन, कधी तीन आठवडे जपून ठेवते आणि रोजच्या अंड्याला थोडं थोडं वापरते. म्हणून जाणते लोक कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला धरत नाहीत. आम्ही एकच आठवडा थांबलो होतो.

दुसऱ्या दिवशी आत्तीला फोन करून सांगितलं, "ती पाहुण्यांनी खाल्लेल्या तांबड्या कोंबड्याची लेक गं."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग आत्ती म्हणाली, "त्ये मला म्हाईत हाय. तिचं पाय बघितलं न्हाईस व्हय, कसं हळदीवाणी हाईत? त्येच्यावाणीच."